दोर सगळ्यात शेवटी

नमस्कार श्रोतेहो.

पाऊस आवरला, ऑक्टोबरची तलखी ओसरली, कातळ वाळला, की आमच्याकडे एक प्रश्न ठरलेला येतो. विचारणारा ठाण्याचा असो, ऐरोलीचा असो की खारघरचा, प्रश्न तोच: ‘बाहेर क्लाइंबिंग सुरू करायचंय, काय काय घेऊ?’ आणि विचारेपर्यंत मोबाइलवर खरेदीची यादी तयारच असते. तीत साठ मीटरचा झगझगीत दोर असतो, डझनभर क्विकड्रॉ असतात, बूट मात्र नसतात. त्या यादीबद्दलच आज बोलायचंय.

स्पोर्ट क्लाइंबिंग म्हणजे काय, ते ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. कातळात आधीच बोल्ट बसवलेले असतात. प्रत्येक बोल्टला हँगर, म्हणजे भोक असलेली धातूची पट्टी. चढणारा हार्नेस, म्हणजे कमरेचे आणि मांड्यांचे पट्टे, घालून त्याला दोर बांधून निघतो, वाटेत येईल त्या हँगरला क्विकड्रॉ, म्हणजे आखूड पट्ट्यानं जोडलेल्या दोन उघडमीट कड्या, लावतो आणि त्यात दोर अडकवतो. खाली उभा असलेला जोडीदार बिले देतो, म्हणजे लागेल तसा दोर सोडतो आणि वरचा पडला की धरतो. २०१६ आणि २०१७ साली नवी मुंबईत जागतिक चषकाच्या फेऱ्या झाल्या, त्या बोल्डरिंगच्या. त्यात दोर नसतो, खाली जाड गाद्या असतात. पुढे टोकियो ऑलिंपिकमध्ये हा खेळ आला, टीव्हीवर दिसला, आणि कृत्रिम भिंतीवर हात बसलेली पुष्कळ मुलं आता खऱ्या कातळाकडे वळताहेत. भिंतीवर दोर तिथल्यांचा, गाद्या तिथल्यांच्या, तपासणारी माणसंही तिथलीच. बाहेर यातलं काहीच नसतं, म्हणून खरेदीचा प्रश्न पडतो.

माझं मत सरळ आहे. जे तुमच्या एकट्याच्या अंगावर चढतं ते आधी घ्या: बूट, हेल्मेट, हार्नेस आणि बिलेचं साधन. ज्यावर दोघांचा जीव टांगलेला असतो, म्हणजे दोर आणि क्विकड्रॉ, ते शेवटी. पहिला मोसम एखाद्या गिर्यारोहण संस्थेबरोबर जा. मुंब्र्याच्या डोंगरावर संस्थांची शिबिरं वर्षानुवर्षं होत आली आहेत, तिथं संस्थेचा दोर असतो आणि तो दोर ओळखणारी माणसंही असतात. दोर विकत घेणं म्हणजे त्याची तपासणी, त्याची नोंद, त्याला बाद करण्याचा निर्णय, सगळं अंगावर घेणं. हे पहिल्या महिन्यात कुणालाच जमत नाही.

बुटांपासून सुरू करू, कारण सर्वात जास्त चुकीची खरेदी इथेच होते. आपल्याकडे जुन्या पिढीनं कॅनव्हासच्या हंटर बुटांत सह्याद्रीतले सुळके चढले, आणि ॲक्शन ट्रेकिंगच्या बुटांवर तर ट्रेकर मंडळींचा फार जीव. पायथ्यापर्यंतच्या चालीला ते उत्तमच. पण क्लाइंबिंगच्या बुटाचं काम वेगळं. नखाएवढ्या कडेवर अंगठा टिकला पाहिजे, आणि त्यासाठी बूट पायाला कातडीसारखा बसायला हवा, तोही मोज्याशिवाय. बोटं पुढे टेकलेली, किंचित दुमडलेली. टाचेत पोकळी नाही. दुखलं म्हणजे चांगलं बसलं, असं सांगणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका. जो बूट दुखतो तो दोन चढाया झाल्या की सॅकमध्ये जातो. उलट, चालायला मस्त वाटणारा बूट कडेवर पाय ठेवला की आतल्या आत फिरतो.

दुकानात संध्याकाळी जा. दिवसभरात पाय थोडे सुजतात, चढतानाही सुजणारच आहेत. बूट घालून एखाद्या फळीच्या काठावर नुसत्या अंगठ्याच्या जोरावर उभं राहून बघा. दुकानदार जरा विचित्र नजरेनं बघेल, बघू दे. चामड्याचा बूट वापरानं सैल होतो, कृत्रिम कापडाचा फारसा होत नाही, तेव्हा माप ठरवताना कापड विचारा. चपला घालून वाढलेले आपले पाय पुढून पसरट असतात आणि बरेचसे बूट युरोपातल्या साच्यांवर बेतलेले, म्हणून नुसता आकडा बघून ऑनलाइन मागवणं हा जुगार. चोचीसारखे खाली वळलेले बूट फोटोत देखणे दिसतात, पण ते पुढे झुकलेल्या, छतासारख्या कातळासाठी असतात. आपला बेसाल्ट बहुतेक ठिकाणी उभा, बारीक कडांचा. नवख्याला सपाट तळव्याचा, जरासा ताठ बूट हवा. आणि आणलेला बूट मे महिन्यात गाडीच्या डिकीत ठेवू नका. उन्हानं गोंद सुटतो, तळवा उकलतो.

हेल्मेटवर मी कुणाशीही भांडायला तयार असते. स्पोर्ट क्लाइंबिंगला हेल्मेट कशाला, परदेशातल्या व्हिडिओत कुणी घालत नाही, असं ऐकवलं जातं. व्हिडिओत दिसतो तो कातळ आपला नव्हे. सह्याद्रीचा बेसाल्ट म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थरावर थर. पावसात त्यांच्या भेगांत पाणी शिरतं, माती धुपते, आणि पावसाळा संपल्यावर हाताशी येणारा दगड हातातच निघून येतो. तो खालच्याच्या डोक्याकडे जातो. म्हणून बिले देणाऱ्यानंही हेल्मेट घालायचं, चढणाऱ्याच्या आधी घालायचं. सायकलचं, मोटारसायकलचं हेल्मेट चालणार नाही. घोडबंदरच्या इमारतींवर दिसतं ते पिवळं बांधकामाचं हेल्मेट तर मुळीच नाही. त्याचा हनुवटीखालचा पट्टा थोड्याशा ओढीनं मुद्दाम सुटावा असा केलेला असतो, म्हणजे कामगार कुठं अडकला तर गळफास बसू नये. गिर्यारोहणाच्या हेल्मेटचा पट्टा याच्या नेमका उलट, पडतानाही तो सुटता कामा नये. आत ईएन १२४९२ असा युरोपीय मानकाचा आकडा असतो, तो बघून घ्या.

हार्नेस दुकानात लटकून बघितल्याशिवाय घेऊ नका. कमरेचा पट्टा कुल्ल्याच्या हाडांच्या वर बसला पाहिजे आणि घट्ट केल्यावर खाली ओढून हाडांवरून उतरता कामा नये. मांड्यांचे पट्टे कमीजास्त करता येणारे असले तर बरं. थंडीत ट्रॅकपँट, मार्चमध्ये हाफपँट, दोन्हींवर बसतो. पुढे मधोमध एक जाड उभी कडी दिसेल, तो बिले लूप. बिलेचं साधन त्याला. दोर मात्र त्याला बांधायचा नाही. वरच्या आणि खालच्या, दोन्ही फाशांतून ओवून आठाची गाठ मारायची. हार्नेसच्या आत शिवलेल्या पट्टीवर तयार झाल्याचं साल असतं. एकदाही न वापरलेला हार्नेससुद्धा दहा वर्षांनी बाद समजतात. सेलमधला स्वस्त हार्नेस घेताना ती पट्टी आधी उलटा.

बिलेसाठी एक साधन आणि एक मोठा, नासपतीच्या आकाराचा, स्क्रूनं बंद होणारा कॅराबिनर, म्हणजे उघडमीट दार असलेली धातूची कडी. साधनं दोन जातींची. एक साधी नळी, दुसरं झटक्याला स्वतःहून दोर आवळणारं. ग्रिगरी त्यातलं सर्वांच्या ओळखीचं, ते १९९१ साली आलं. मी नवख्यांना नळीवर शिकवते आणि विकत मात्र दुसरं घ्यायला सांगते. हात शिकलेला असावा आणि हात चुकला तर मदत असावी. पण ग्रिगरीवरही खालचा हात दोरावरून सुटता कामा नये; ते मदत करतं, बिले तुम्हालाच द्यायचाय. किती मिलिमीटरचा दोर चालतो ते साधनावर कोरलेलं असतं, नंतर दोर घेताना ते जुळवा.

आता कॅराबिनर. रेडिओवर हातात घेऊन दाखवता येत नाही, तर कल्पना करा. त्याच्या पाठीवर, लांब बाजूला, तीन आकडे कोरलेले दिसतील. पहिल्यासमोर लांबीच्या दिशेचा बाण, समजा २२. दुसऱ्यासमोर आडवा बाण, ७ किंवा ८. तिसऱ्यासमोर उघड्या दाराचं चित्र, तिथं पुन्हा ७, ८ किंवा ९. हे किलोन्यूटन आहेत. एक किलोन्यूटन म्हणजे ढोबळमानानं शंभर किलोचा भार. म्हणजे दार बंद आणि ओढ लांबीला असेल तर तो चिमुकला तुकडा दोन हजार किलोंच्या वर झेलतो, पण आडवा पडला किंवा दार उघडं राहिलं की ताकद एक तृतीयांशावर येते. हे तीन आकडे समजले की स्क्रू बंद कर म्हणून कुणी ओरडावं लागत नाही. आकडेच नसतील, किंवा नुसते रंगानं छापलेले असतील, तर तो किल्ल्या अडकवायचा कॅराबिनर आहे. तसे बाजारात ढिगानं मिळतात, दिसायला अगदी हुबेहूब. अस्सल मालावर सीई या युरोपीय खुणेपुढे चार आकडी क्रमांक असतो आणि सोबत सूचनांचा कागद येतो. ऑनलाइन किंमत निम्म्याच्याही खाली दिसली तर मोह आवरा.

चॉकबद्दल फार बोलायला नको. खाडीच्या हवेत तळवे घामेजतातच, साधी मॅग्नेशियम कार्बोनेटची पूड आणि एक पिशवी पुरे. सुगंधी, रंगीत प्रकारांच्या नादी लागू नका.

आता दोर. तुमच्यापैकी अनेकजण ट्रेकमधून आलेले असतील, धबधब्याचं रॅपलिंग केलेलं असेल, कदाचित ग्रुपचा दोर घरात पडलेलाही असेल. तो दोर बहुधा स्टॅटिक असतो, म्हणजे फारसा न ताणणारा. उतरायला तोच चांगला. पण त्यावर लीड करायचं नाही, म्हणजे खालून दोर बोल्टना अडकवत पहिल्यानं वर चढायचं नाही. लीड करणारा शेवटच्या बोल्टच्या वर गेलेला असताना पडतो, ते पडणं झेलायला ताणणारा, डायनॅमिक दोर लागतो. फळीवर आदळणं आणि चौघांनी धरलेल्या चादरीत पडणं, एवढा फरक. चाचणीत ८० किलोचं वजन अशा एकेरी दोरावर पाडतात. पहिल्या पडण्यात दोर ४० टक्क्यांपर्यंत ताणला तर चालतो, झटका १२ किलोन्यूटनच्या वर जाता कामा नये, आणि अशी निदान ५ पडणी त्यानं तुटल्याशिवाय सोसली पाहिजेत. टोकाच्या पट्टीवर ईएन ८९२ आणि वर्तुळात १ असं असेल तर तो एकेरी डायनॅमिक. ईएन १८९१ असेल तर तो स्टॅटिक जातीचा. दोन्ही दिसायला सारखेच रंगीबेरंगी, म्हणून ती पट्टी वाचायची.

घ्यायची वेळ आली की पावणेदहा ते दहा मिलिमीटर जाडीचा घ्या. बारीक दोर हलका असतो, पण बिलेत सरकतो लवकर आणि धारेवर घासला की झिजतोही लवकर. आपल्या कातळाला धारा भरपूर. लांबी वाटेच्या उंचीच्या दुपटीहून जास्त हवी, कारण चढणारा वर पोचला की त्याच दोरावर खाली यायचाय. आणि बिले देणाऱ्याच्या बाजूला दोराच्या टोकाला गाठ हवीच. दोर अपुरा पडून टोक साधनातून सटकणं, ही जगभर पुन्हा पुन्हा घडलेली गोष्ट आहे.

क्विकड्रॉ दहा-बारा लागतात. वाटेवरचे बोल्ट मोजायचे, वर अँकरसाठी, म्हणजे वाटेच्या टोकाच्या बोल्टसाठी, दोन. त्यांचं एक टोक कायम बोल्टला आणि दुसरं कायम दोराला. हँगरवर घासून कॅराबिनरला बारीक खवले येतात, तो दोराला लावला तर दोर सोलला जातो. दोराकडच्या टोकाला आत एक रबरी कडं असतं, कॅराबिनर फिरू नये म्हणून. त्याचं काम तेवढंच, भार शिवलेल्या पट्ट्यानंच घ्यायचा. २०१३ साली फ्रान्समध्ये ऑर्पिएर इथं बारा वर्षांचा एक इटालियन मुलगा गेला. क्विकड्रॉ जोडताना कॅराबिनर पट्ट्यातून न जाता नुसत्या रबरातून ओवले गेले होते, आणि वरून बघताना ते ठाकठीक दिसत होते. स्वतः जोडलेला क्विकड्रॉ असो की मित्रानं दिलेला, रबर बाजूला सरकवून बघा.

बोल्ट तुम्ही विकत घेणार नाही, पण तुमचा सगळा महागडा सरंजाम त्याच्यावरच लटकतो. किनाऱ्यालगतच्या दमट हवेत लोखंड लवकर गंजतं. हँगर हातानं हलवून बघा. बोल्टभोवती गंजाचा ओघळ असेल किंवा तो फिरत असेल, तर त्या वाटेवर जाऊ नका. वाट बसवणाऱ्यांना विचारा, बहुधा ते कुठल्या ना कुठल्या संस्थेत भेटतात.

दोर, हार्नेस, पट्टे, हेल्मेट जुनं कधीच घेऊ नका, कितीही विश्वासू मित्राचं असो. बूट जुने चालतील. घेतलेला दोर स्कूटरच्या डिकीत ठेवू नका, बॅटरीच्या ॲसिडची नुसती वाफ नायलॉनला पुरते, आणि दोरावरून बघून काही कळतही नाही. पावसाळ्याच्या तोंडावर कोमट पाण्यात सौम्य साबणानं धुवा, सावलीत पूर्ण वाळवा, मगच कपाटात ठेवा. आपल्याकडच्या जुलैत ओलसर दोराला बुरशी धरायला फार दिवस लागत नाहीत. मोठं पडणं झालं, कुठं आतला पांढरा गाभा दिसला, बोटानं चाचपताना मऊ किंवा चपटी जागा लागली, की तो बाद. बाद दोर अख्खा कुणाला देऊ नका, माळ्यावरही ठेवू नका. कुणीतरी तो पुन्हा बाहेर काढतंच. दीड-दीड मीटरचे तुकडे करा. शिबिरात गाठी शिकवायला आम्हाला ते कायम कमी पडतात, मुंब्र्याला येताना घेऊन या.

नमस्कार.