सहा मिनिटं चालायचं, पण किती वाजता?

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न फिरून फिरून आलाय: "ताई, आईला आमवात आहे. तिची चालायची टेस्ट घरी कशी घ्यायची?" आमवात म्हणजे रुमॅटॉइड आर्थ्रायटिस बरं का. म्हातारपणी गुडघे झिजतात ते वेगळं. यावरून कमेंटमध्ये भांडू नका, गेल्या वेळी दोन काकांची चांगलीच जुंपली होती.

पटकन सांगते. सपाट, सरळ तीस मीटरचा रस्ता, दोन्ही टोकांना खुणा, सहा मिनिटं. आपल्या चालीनं, पण जमेल तेवढं जास्त अंतर कापायचं. पळायचं नाही. दम लागला तर थांबा, टेका, बसा. घड्याळ मात्र चालूच. शेवटी मीटर मोजा. छातीत दुखलं किंवा भोवळ आली तर तिथंच बंद. आमवातात हृदयविकाराचा धोकाही वाढतो, म्हणून आधी डॉक्टरांना विचारा. झालं.

आता माझं खरं दुखणं. टेस्ट घेतलीत किती वाजता?

आमवातात सकाळी सांधे आखडलेले असतात, तासभर, कधी त्याहून जास्त. आईला आज सकाळी सातला चालवलंत आणि तीन महिन्यांनी संध्याकाळी पाचला, तर अंतर वाढलेलं दिसणारच. तुम्ही औषध लागू पडलं म्हणून पेढे वाटाल!

हसू नका, मी हेच केलंय. शिकाऊ होते तेव्हा एका काकूंची पहिली टेस्ट सकाळी साडेआठला घेतली, दुसरी दुपारी चारला. आकडा बघून मी खूश. काकू वाकून चपलेचा पट्टा लावत होत्या. बोटांना बक्कल ओढवत नाही म्हणून तिथं वेल्क्रो शिवून घेतलेलं. मान वर न करताच म्हणाल्या, "अगं, सकाळी मला हे वेल्क्रोही लावता येत नाही."

गोळीचंही तेच. दुखण्याची गोळी घेऊन तासाभरानं चालणं वेगळं आणि उपाशीपोटी, गोळीआधी चालणं वेगळं. म्हणून वहीत नुसतं "३४० मीटर" लिहून मला पाठवू नका! असं लिहा: ३४० मीटर, दुपारी चार, गोळी दीडला, कापडी बूट, काठी नाही. पुढची टेस्टही दुपारी चारलाच, गोळी दीडलाच, बूट तेच. चारला जमत नसेल तर दुसऱ्या दिवशी घ्या, पण चारलाच.

एक दादा विचारतात, "फोन रोजची सहा हजार पावलं दाखवतो, मग टेस्ट कशाला?" दादा, पावलं सांगतात आई किती चालली. किती चालू शकते, ते नाही. ओटा ते फ्रिज, फ्रिज ते ओटा, तीही पावलंच.

आणि कृपा करून शेजारून चालू नका. मुलगा बाजूला लागला की आई त्याच्या वेगानं ओढली जाते. मागे राहा, मिनिट झालं की एकाच सुरात सांगा, "छान, पाच मिनिटं राहिली." "चल आई, पळ पळ" नको!

तीस मीटर नाहीत, दहाच आहेत? चालेल, पण मग दर वेळी तेच दहा. छोट्या रस्त्यावर वळणं जास्त, त्यामुळे अंतर कमी भरतं. शिवाय वळताना भार येतो पायाच्या बोटांच्या मुळाशी, आणि आमवात नेमका तिथंही बसतो. आमवात किती जोरात आहे ते बघायला डॉक्टर अठ्ठावीस सांधे तपासून स्कोअर काढतात ना, त्यात पावलं आणि घोटे नसतात. पाय दुखत असतील तर आपण होऊन सांगा.

"४२० मीटर म्हणजे पास का नापास?" अहो, बोर्डाची परीक्षा नाही ही! आईची तुलना आईच्याच मागच्या आकड्याशी.

खुर्चीतून अर्ध्या मिनिटात किती वेळा उठता येतं, ते पुढच्या व्हिडिओत. आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये टेस्ट घेतली तर चालेल का, असं विचारणाऱ्या ताई, चालेल. फक्त आधी वॉचमनला सांगून ठेवा, नाहीतर चौथ्या मिनिटाला कुणीतरी गाडी काढेल.