आधी प्रत, मग प्रयोग

(दृश्य: झाकण काढलेली हार्ड डिस्क, अगदी जवळून)

आरशासारखी चकचकीत दिसणारी ही तबकडी ॲल्युमिनियमची किंवा काचेची असते. वर चुंबकीय पदार्थाचा अतिशय पातळ थर. ती मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेते आणि सोबत ओढल्या जाणाऱ्या हवेवर माहिती वाचणारं-लिहिणारं हे इवलंसं हेड तरंगतं. दोघांमध्ये अंतर अवघं काही नॅनोमीटर. बोटाचा ठसासुद्धा त्याहून जाड भरतो.

(आवाज: टक… टक… टक…)

हेडला तबकडीवरच्या खुणा सापडत नाहीयेत. हेड धरणारा हात मागे जातो, पुन्हा येतो, पुन्हा शोधतो. हा आवाज आला की वीज लगेच बंद करायची. दुसऱ्या डिस्कवरची ही गोल रेघ पाहा. बिघडलेल्या हेडने खरवडलेली आहे. इथला थरच गेलाय, त्यावरची माहिती आता कोणीही परत आणू शकत नाही.

(दृश्य: फ्रीजरमधून काढलेली पिशवी)

बंद पडलेली डिस्क फ्रीजरमध्ये ठेवायचा उपाय अगदीच हवेतून आलेला नाही. थंडीने धातू आकसतो. जुन्या काळी अडकलेलं बेअरिंग किंवा तापल्यावर बिघडणारा एखादा भाग त्यामुळे थोडा वेळ चालून जायचा. पण डिस्क बाहेर काढताच धातूवर धरलेलं हे दव पाहा. बहुतेक डिस्कना हवेसाठी बारीक छिद्र असतं. तिथला फिल्टर धूळ अडवतो, ओल पूर्ण अडवत नाही.

डिस्कला हाताने झटका देण्याचंही तसंच. पूर्वी डिस्क थांबली की हेड तबकडीवरच टेकायचं, कधी चिकटून बसायचं आणि मनगटाच्या हिसक्याने सुटायचं. आता बहुतेक डिस्कमध्ये ते तबकडीबाहेरच्या उतारावर थांबतं. डिस्क खाली पडल्यामुळे ते तबकडीवर अडकलं असेल, तर हिसक्याने तुटूनच येऊ शकतं.

(दृश्य: सोल्डरिंग, चिमटा, आठ पायांची चिप)

हा उपाय मात्र आजही कामाचा आहे, नीट केला तर. सर्किट बोर्ड जळाला असेल तर त्याच जातीचा दुसरा बोर्ड घेतात. पण प्रत्येक डिस्कची स्वतःची मोजमापं कारखान्यातच नोंदवलेली असतात, आणि अनेक बोर्डांवर ती या रॉम चिपमध्ये असतात. म्हणून जुनी चिप उतरवून नव्या बोर्डावर बसवावी लागते. कथील वितळतंय… चिप सुटली.

(दृश्य: काळ्या पडद्यावर सरकणारे आकडे)

आणि हे सगळ्यात महत्त्वाचं काम. डीडीरेस्क्यू हा मोफत प्रोग्रॅम डिस्कवर काहीही न लिहिता तिची जशीच्या तशी प्रत काढतो. सोपा भाग आधी उचलतो, अडलेली जागा सोडून पुढे जातो आणि काय राहिलं त्याची नोंद एका फाइलमध्ये ठेवतो. मध्येच वीज गेली तरी तिथूनच पुढे सुरू. अडलेल्या जागांवर तो शेवटी परततो, तोवर बाकीचं हाती आलेलं असतं. मरायला टेकलेल्या डिस्कचे उरलेले तास असे वापरावेत. तिच्यावर चेकडिस्क हा विंडोजमधला दुरुस्तीचा प्रोग्रॅम चालवणं म्हणजे ते वाया घालवणं, वर त्यात फाइलींची मोडतोड होते ती वेगळीच. दुरुस्तीचे प्रोग्रॅम चालवायचे ते प्रतीवर.

या डिस्कवरचे बरेचसे फोटो निघाले, काही व्हिडिओ अर्धेच उघडतात. आता नवी प्रत दुसऱ्या डिस्कवर उतरवली जातेय.