तीन पिना आणि एकटा माणूस

(दृश्य: ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांमधून दिसणारा रोटाव्हेटर)

ट्रॅक्टर मागे येतोय. त्याच्या मागे अवजार धरणारे दोन लोखंडी हात आहेत. डावा हात अवजाराच्या पिनेसमोर आला, उजवा चार बोटं खाली राहिला. थोडं पुढे, पुन्हा मागे. आता उजवा जुळला, तर डावा बाजूला गेला. अवजार बदलायला अर्धा तास जातो तो याच चार बोटांत.

रोटाव्हेटर, म्हणजे फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करणारं अवजार, मीटरभर रुंदीचा असला तरी वजन दीड-दोनशे किलोचं. पहार लावली की तो हलतो, पण हवा तेवढाच हलत नाही. मग दुसरा माणूस हाक मारून बोलावला जातो. तो चाक आणि अवजार यांच्या मधे उभा राहतो आणि ‘ये, ये, अजून ये’ म्हणत राहतो. क्लचवरून पाय निसटला, तर त्याला सरकायला जागा नसते. हे काम एकट्याला जमलं पाहिजे, आणि ट्रॅक्टर चालू असताना मधे कोणीही उभं राहता कामा नये.

(दृश्य: जुन्या फोर्ड ९एन ट्रॅक्टरची मागची बाजू, नांगर वर उचलला जातो)

ट्रॅक्टर आणि अवजार यांच्या या तीन पिनांच्या जोडणीचं श्रेय हॅरी फर्ग्युसन यांचं. त्याआधी नांगर ट्रॅक्टरमागे नुसता ओढला जायचा. फाळ दगडात किंवा मुळात अडकला की मागची चाकं फिरतच राहायची, ट्रॅक्टरचं तोंड वर उठायचं आणि तो चालकावर उलटायचा. फर्ग्युसन यांनी खाली दोन हात आणि वर एक टॉप लिंक, म्हणजे आटे फिरवून लांबी बदलता येणारा दांडा, अशी तीन टोकांची जोडणी केली. नांगर अडकला की वरची लिंक ट्रॅक्टरला पुढे रेटते आणि पुढची चाकं जमिनीवर दाबली जातात. नांगर आणि ट्रॅक्टर मिळून एकच यंत्र झालं. १९३६ साली फर्ग्युसन-ब्राउन आला, १९३९ साली फोर्ड ९एन, आणि त्यापुढे ही जोडणी जवळपास सगळ्याच ट्रॅक्टरवर बसली.

या जोडणीच्या मापांना कॅटेगरी म्हणतात. लहान ट्रॅक्टरवर बहुतेक कॅटेगरी १ असते. खालच्या दोन पिना २२ मिलिमीटरच्या, वरची १९ची, आणि खालच्या दोन जोडबिंदूंमधलं अंतर ६८३ मिलिमीटर. अजून लहान ट्रॅक्टरवर हे अंतर कमी असतं. अवजार घेण्याआधी टेप लावून मोजा. मोठ्या कॅटेगरीची २८ मिलिमीटरची पिन २२च्या बॉलमध्ये, म्हणजे हाताच्या टोकाच्या भोक असलेल्या गोळ्यात, शिरत नाही. उलट बाबतीत पिन सहज शिरते आणि तिथेच फसवते: मधे बुश, म्हणजे पिनेवर चढवायची नळी, नसेल तर ठोके बसून बसून बॉलचं भोक लांबट होतं.

(दृश्य: हाताने जोडणी, जवळून)

आता जुळवणीचा क्रम. ट्रॅक्टर सरळ रेषेत मागे घ्या, वीतभर अंतर ठेवून थांबा. हात वरखाली करून पिनेच्या उंचीला आणा. हे पोझिशन कंट्रोलच्या, म्हणजे हात ठरावीक उंचीवर धरणाऱ्या, लिव्हरने करायचं. ड्राफ्टच्या, म्हणजे ओढीच्या जोरानुसार हात वरखाली करणाऱ्या, लिव्हरवर हात एका जागी थांबत नाहीत. शेवटचं वीतभर सावकाश मागे या. हँडब्रेक ओढा, इंजिन बंद करा, मगच मधे जा.

आधी डावा हात. बहुतेक ट्रॅक्टरवर हाताला वर उचलणारा डावीकडचा उचलदांडा ठरावीक लांबीचा असतो आणि उजवीकडे त्याची लांबी बदलणारा लेव्हलिंग बॉक्स असतो. म्हणजे डावीकडे पिन बसली की उजवा हात हँडल फिरवून वरखाली करता येतो. उलट क्रमाने गेलात, तर शेवटी ज्या बाजूला काहीच फिरवता येत नाही, तीच बाजू जुळवायची राहते. मग टॉप लिंक, आणि सगळ्यात शेवटी पीटीओ शाफ्ट, म्हणजे इंजिनची ताकद अवजाराला देणारा फिरता दांडा.

सोडताना याच्या उलट. शाफ्ट आधी निघतो. त्यानंतर टॉप लिंकची पिन निघत नाही, आणि इथे हातोडी उचलली जाते. पिन गंजलेली नसते, तिच्यावर भार असतो. टॉप लिंक अर्धा-एक आटा फिरवा, कोणत्या दिशेने ते अवजाराच्या टेकण्यावर ठरतं. भार सुटला की पिन बोटांनी निघते. हातोडीने पिनेचं टोक पसरतं, आणि पुढच्या वेळी ती खरोखरच अडकते.

(दृश्य: शेडमधली सपाट फरशी, पायांवर उभी अवजारं)

निम्मी अडचण ट्रॅक्टरपाशी नसतेच, ती अवजार कसं ठेवलंय त्यात असते. बांधाजवळ तिरकं टाकलेलं अवजार जोडताना तिरकंच सापडणार. म्हणून प्रत्येक अवजाराला पाय हवेत. चौकोनी नळीत नळी, दर २५ मिलिमीटरवर भोक आणि एक पिन. खालच्या पिना नेहमी एकाच उंचीवर राहतील असे हे पाय लावा; ती उंची एकदा ट्रॅक्टरच्या हातांवरून ठरवा आणि सगळ्या अवजारांना तीच ठेवा. शेडमध्ये पक्की फरशी असेल तर चाकांचा पाट आणखी सोयीचा: जाड फळ्या, खाली चार चाकं, अवजार त्यावर. मातीत ही चाकं रुततात, तिथे पाट करू नका.

टॉप लिंकवर रंगाची खूणही करून ठेवा. रोटाव्हेटरला आट्यावर जिथे थांबायचं तिथे एक रंग, नांगराला दुसरा. दर वेळी शेतात उतरून पुन्हा पातळी बघावी लागत नाही.

(दृश्य: सरकती टोकं बाहेर ओढली जातात, ट्रॅक्टर मागे येतो, खटका बसतो)

काही ट्रॅक्टरच्या हातांना असतात ती ही सरकती टोकं. खटका दाबला की हाताचं टोक बाहेर येतं आणि थोडं बाजूलाही वळतं. ट्रॅक्टर अगदी नेमका यावाच लागत नाही. दोन्ही टोकं ओढून पिनेवर चढवा, ती निसटू नयेत म्हणून कडीची लिंच पिन लावा, ट्रॅक्टरवर बसा आणि सावकाश मागे या. टोकं आत जातात, खटके आपोआप बसतात. आवाज दोनदा यायला हवा. एकच आला तर एक बाजू उघडी आहे, अवजार उचलू नका. खटका न बसण्याचं कारण बहुधा सुकलेली माती असते. डिझेलमध्ये बुडवलेला ब्रश फिरवला की चालू.

(दृश्य: क्विक हिचची चौकट, वर्कशॉप, ठिणग्या)

आणि ही क्विक हिच. ट्रॅक्टरच्या तीनही टोकांना एकदा लावलेली लोखंडी चौकट, तिला वर एक आकडा आणि खाली दोन. ट्रॅक्टर मागे घ्यायचा, वरचा आकडा अवजाराच्या वरच्या पिनेखाली आणायचा आणि उचलायचं. अवजार स्वतःच्या वजनाने मागे झुलतं, खालच्या पिना आकड्यांत बसतात, लॉक लागतं. तीनही पिना सीटवर बसून जोडल्या जातात.

पण चौकट आणली आणि अवजार लागलं असं होत नाही, अवजारही तिच्या मापाचं करावं लागतं. कॅटेगरी १च्या प्रमाणित चौकटीत वरचा आकडा खालच्या आकड्यांच्या रेषेपासून १५ इंच, म्हणजे ३८१ मिलिमीटर उंच असतो. बऱ्याच अवजारांचा मास्ट, म्हणजे वरची पिन धरणारा उभा भाग, याहून उंच निघतो. तेव्हा मास्टला १० मिलिमीटर जाडीची पट्टी जोडून नवं भोक पाडायचं. खालच्या २२ मिलिमीटरच्या पिनेवर साडेछत्तीस मिलिमीटरचा बुश येतो आणि वरच्या १९च्या पिनेवर पावणेबत्तीसचा, कारण आकड्यांचे गाळे, म्हणजे पिन बसते त्या खाचा, त्या मापाचे असतात. बुश नसेल तर पिन गाळ्यात खेळते, लॉक नीट बसत नाही आणि रोटाव्हेटर चालताना खडखड ऐकू येते. वरचा आकडा मास्टच्या दोन पट्ट्यांच्या मधून आत गेला पाहिजे, तेवढी जागा आहे का तेही आधी बघा.

पट्टी आधी नुसते टाके मारून धरा. अवजार चौकटीत अडकवून बघा, उचला, उतरवा, मग पूर्ण वेल्डिंग. अर्थिंगचा चिमटा वेल्डिंगच्या अगदी जवळ लावा. तो दुसऱ्या टोकाला लावला तर करंट रोटाव्हेटरच्या बेअरिंगमधून जातो आणि गोळ्यांवर खड्डे पडतात. गिअरबॉक्स काही महिन्यांनी आवाज करू लागतो, तेव्हा वेल्डिंगची कोणालाही आठवण राहिलेली नसते.

(दृश्य: पीटीओ शाफ्टची मापं, करवत, ग्रीस)

चौकटीमुळे अवजार साधारण १० सेंटिमीटर मागे जातं, त्यामुळे शाफ्टचा हिशेब नव्याने करा. अवजार पूर्ण वर आणि पूर्ण खाली नेऊन दोन्ही वेळा बघा. शाफ्ट सर्वात लांब होतो तिथे नळ्या किमान एक-तृतीयांश एकमेकींत असाव्यात. सर्वात आखूड होतो तिथे टोकाला दोन-तीन सेंटिमीटर मोकळे हवेत. नाहीतर अवजार उचलताना शाफ्ट गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर रेटला जातो. कापावा लागला तर आतली आणि बाहेरची नळी सारखीच कापा, तेवढंच प्लास्टिकचं कव्हरही. कापलेली कड कानशीने घासा, ग्रीस लावा.

चौकटीचं वजन आणि मागे गेलेला भार यामुळे पुढची चाकं हलकी होतात. स्टिअरिंग सैल वाटलं तर पुढे वजनं लावा.

(दृश्य: पूर्ण जोडणी, एकाच शॉटमध्ये)

आकडा पिनेखाली. उचल. खालच्या पिना बसल्या. डावं लॉक, उजवं लॉक. इंजिन बंद, चालक खाली उतरतो. शाफ्ट ट्रॅक्टरच्या पीटीओ दांड्याच्या ६ खाचांवर सरकवतो, खटका बसेपर्यंत ओढून बघतो, कव्हरची साखळी अडकवतो. अवजाराचे पाय वर करून त्यांच्या पिना लावतो.