शनी हाजिर हो!

नमस्कार श्रोतेहो. मुलाचं लग्न जमत नाही, दुकान चालत नाही, महिन्यात तिसऱ्यांदा गाडी पंक्चर झाली... अशा वेळी आपल्याकडे आरोपी शोधावा लागत नाही. तो ठरलेलाच आहे. शनी! काळा, जड, मंद, आणि एकदा राशीला लागला की साडेसात वर्षं हलायचं नाव न घेणारा. आज त्याचं वकीलपत्र मी घेतलंय. फी म्हणून कुणी तेल आणू नये, घरी भरपूर आहे.

आरोप पहिला, काळा. साफ खोटं. दुर्बिणीतून पाहिलात तर शनी फिकट पिवळा दिसतो, थिजत आलेल्या साजूक तुपासारखा. अमोनियाच्या बर्फकणांच्या ढगांचा तो रंग.

दुसरा आरोप, जड. आता वजनाने तो पृथ्वीच्या 95 पट आहे, हे मी कबूल करतो. पण त्याच्या पोटात पृथ्वीसारखे साडेसातशेहून जास्त गोळे मावतील! म्हणजे आकाराच्या मानाने गडी अगदीच हलका. त्याची सरासरी घनता पाण्याच्या जेमतेम 70 टक्के. तो पाण्यात तरंगेल, असं गमतीनं सांगतात, पण तेवढं घंगाळ मिळालं तरी ठेवणार काय? बहुतेक सगळा हायड्रोजन आणि हेलियम, पाय टेकायला जमीनच नाही. आणि आपण म्हणतो, डोक्यावर येऊन बसलाय!

तिसरा आरोप, मंद. इथे मात्र मला थोडी माघार घ्यावी लागेल, कारण नावच शनैश्चर, म्हणजे हळूहळू चालणारा. सूर्याभोवती एका फेरीला त्याला सुमारे साडेएकोणतीस वर्षं लागतात. याला बारा राशींनी भागा. एका राशीत जवळजवळ अडीच वर्षं. आपली रास, तिच्या मागची आणि पुढची, अशा तीन राशी धरल्या की झाली साडेसाती! फळं काय मिळतात ते ज्योतिषांना विचारा. मला कौतुक आहे ते या आकड्याचं. दुर्बीण नसताना, पिढ्यान्‌पिढ्या नुसत्या डोळ्यांनी आकाश पाहणाऱ्यांनी एका ग्रहाची चाल मोजली, आणि ती आपल्या रोजच्या बोलण्यात येऊन बसली.

पण हाच मंद शनी स्वतःभोवती गिरकी घेतो ती साडेदहा तासांत. या वेगानं त्याचं पोट सुटलंय. ध्रुवापासून ध्रुवापर्यंतच्या मापापेक्षा त्याची कंबर सुमारे 12 हजार किलोमीटरनं रुंद आहे. जवळजवळ एक पृथ्वी, नुसती सुटलेल्या पोटात!

आता त्याच्या दागिन्यांकडे येऊ. 1610 मध्ये गॅलिलिओनं दुर्बीण शनीकडे वळवली, तेव्हा त्याला एका गोळ्याच्या दोन्ही बाजूंना दोन लहान गोळे दिसले. दोन वर्षांनी पाहतो तर ते गायब! बिचारा चक्रावला. ती कडी आहेत हे ओळखलं डच खगोलशास्त्रज्ञ ख्रिस्तियान हायगेन्सनं, 1650 च्या दशकात. ती अधूनमधून आपल्याकडे काठ करून येतात, आणि इतकी पातळ आहेत की तेव्हा दिसेनाशी होतात. किती पातळ? मुख्य कड्यांची रुंदी या टोकापासून त्या टोकापर्यंत सुमारे पावणेतीन लाख किलोमीटर. जाडी बहुतेक ठिकाणी दहाएक मीटर, म्हणजे तीन मजली घराएवढी. वहीच्या कागदाची चकती याच प्रमाणात कापायची, तर ती पुण्यात शनिवारवाड्यापासून स्वारगेटच्याही थोडी पुढे जाईल.

खरं तर ‘कडी’ हा शब्दच मला खटकतो. कडं म्हटलं की सोनाराकडचं अखंड, घट्ट काहीतरी डोळ्यांपुढे येतं. असं अखंड कडं तिथे टिकणार नाही, तुटून पडेल, हे भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलनं 1850 च्या दशकात गणितानं दाखवलं. ते आहे रिंगण! वारीतलं रिंगण लांबून एकसंध दिसतं, जवळ गेल्यावर कळतं की प्रत्येक जण आपापला धावतोय. तसे हे बर्फाचे तुकडे. काही धुळीच्या कणाएवढे, काही घराएवढे. फरक इतकाच, की इथे आतल्या फेरीतले बाहेरच्यांपेक्षा जास्त जोरात पळतात.

त्याचे चंद्र? 2025 च्या मोजणीत 274! सगळ्यात मोठा टायटन, तिथे मिथेनचा पाऊस पडतो. या टायटनवर हायगेन्स नावाचं यान उतरलं, 14 जानेवारी 2005 ला. म्हणजे आपल्या संक्रांतीला. सूर्य त्या दिवशी मुलाच्या, शनीच्या घरी जातो असं आजी सांगायची. त्या वर्षी आपणही जाऊन आलो.

पाहायचा असेल तर फार काही लागत नाही. ताऱ्यांसारखा न लुकलुकणारा पिवळसर ठिपका शोधा आणि पन्नासपट मोठं दाखवणारी साधी दुर्बीण मिळवा. मार्च 2025 मध्ये कडी काठावर आली होती, आता 2032 पर्यंत ती दरवर्षी अधिकाधिक उघडत जातील.

आमच्या गच्चीवर मी दुर्बीण लावतो, तेव्हा शेजारच्या काकू कधी डोळा लावायच्या नाहीत. साडेसाती चालू, त्यात त्याच्या नजरेला नजर कोण देणार? एकदा नातवानं हाताला धरून आणलं. बराच वेळ पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “अगोबाई, किती गोजिरवाणा आहे रे हा!”

शनिवारी तेलाची वाटी घेऊन देवळात निघालेल्या दिसल्या. मी म्हटलं, “काकू, अजूनही?”

“तेल घालायचंच,” म्हणाल्या. “आणि सांगून यायचंय, तुला पाहिलं म्हणून.”