पाटीवरचे अक्षर, पत्रिकेवरचे अक्षर

श्रोतेहो, नमस्कार. अक्षरांच्या आकाराविषयी रेडिओवर बोलायचे म्हणजे डोळ्यांचे काम कानांवर सोपवण्यासारखे आहे. तेव्हा घरातली एखादी लग्नपत्रिका आणि आजचे वर्तमानपत्र जवळ असेल, तर दोन्ही समोर घेऊन बसावे.

फॉन्ट निवडताना सेरिफ आणि सॅन्स सेरिफ अशी दोन नावे आधी कानी पडतात; ती मुळात रोमन लिपीची आहेत. रेघांच्या टोकांना छोटी पावले असलेले अक्षर ते सेरिफ आणि पावले नसलेले ते सॅन्स सेरिफ. या दुसऱ्या प्रकारचा टाइप विल्यम कॅस्लन चौथा याने १८१६ च्या सुमारास लंडनमध्ये प्रथम आणला. ही नावे देवनागरी फॉन्टांनाही चिकटवली जातात, परंतु माझ्या मते ती आपल्या अक्षराला नीट बसत नाहीत, कारण रोमन अक्षर तळरेषेवर पाय रोवून उभे असते, तर आपले अक्षर शिरोरेषेला टांगलेले असते. देवनागरीला वळण दिले ते बोरूने. बोरूची जीभ तिरकी कापलेली असल्यामुळे एका दिशेची रेघ जाड आणि दुसऱ्या दिशेची बारीक उमटते, आणि हीच लय पुढे जावजी दादाजी यांच्या मुंबईतल्या निर्णयसागर छापखान्याच्या खिळ्यांतही, म्हणजे छपाईच्या धातूच्या अक्षरांतही, उतरली.

म्हणून देवनागरी फॉन्ट पाहताना पहिला प्रश्न असा असावा, की रेघ जाड-बारीक आहे की सर्वत्र सारख्या जाडीची आहे. पुस्तकातल्या सलग मजकुराला जाड-बारीक रेघ मानवते. मोबाइलच्या पडद्यावर, रस्त्यावरच्या पाटीवर किंवा औषधाच्या सूचनेत मात्र बारीक रेघ हरवते, आणि तेथे ‘मुक्ता’सारखा सारख्या रेघेचा फॉन्ट उपयोगी पडतो. याखेरीज ‘कलम’सारखे हस्ताक्षराच्या वळणाचे आणि ‘मोदक’सारखे केवळ शीर्षकासाठी काढलेले फॉन्ट असतात. मोदकाची अक्षरे इतकी भरलेली आहेत, की आतली पोकळी जेमतेम उरते. मिठाईच्या दुकानाच्या नावाला ती शोभतात, पण सत्यनारायणाच्या निमंत्रणाचा सगळा मजकूर त्यांत बसवला, तर पाहुण्यांना वेळ फोनवरच विचारावी लागेल.

आता आपल्या भागाकडे वळू. बेळगाव, खानापूर किंवा निपाणीच्या बाजारात एकाच पाटीवर कन्नड, मराठी आणि इंग्रजी अशा तीन लिपी नांदतात. कर्नाटकातल्या २०२४ च्या कायदादुरुस्तीनंतर व्यावसायिक पाटीवर ६० टक्के जागा कन्नडला द्यावी लागते; त्यामुळे उरलेल्या जागेत मराठी कसे वाचनीय ठेवायचे, हा पाटी करणाऱ्याचा रोजचा प्रश्न झाला आहे. कन्नड अक्षरे गोलसर असतात, त्यांना सलग शिरोरेषा नसते आणि त्यांची जोडाक्षरे ओळीखाली लोंबतात. मराठीत वर मात्रा, वेलांटी, रफार आणि खाली उकार असल्यामुळे दोन्ही ओळींना मोकळी हवा लागते, आणि दोन्हींना सारखाच पॉइंट, म्हणजे अक्षराच्या आकाराचा आकडा, दिला म्हणून त्या सारख्या दिसतील असे नाही. ‘नोटो’ किंवा ‘बालू’ या कुटुंबांत कन्नड आणि देवनागरी या दोन्ही लिपींचे फॉन्ट एकमेकांशी मेळ राखून काढलेले असल्यामुळे निम्मे काम तेथेच होते.

जागा कमी पडली म्हणून फ्लेक्सवर अक्षरे दोन्ही बाजूंनी दाबली जातात, तेव्हा उभ्या रेघा बारीक होतात, आडव्या तशाच राहतात आणि अक्षर आजारी दिसू लागते. त्यापेक्षा मुळातच अरुंद काढलेला फॉन्ट घ्यावा. अक्षरांमधले अंतर वाढवणेही देवनागरीत धोक्याचे, कारण शिरोरेषा तुटते आणि एका शब्दाचे तुकडे पडतात.

फॉन्टची परीक्षा ‘अ आ इ ई’ लिहून होत नाही. ‘दुसऱ्या’, ‘वाङ्मय’, ‘श्रद्धा’, ‘कर्तृत्व’ आणि आपल्या गावाचे नाव टाइप करून, ज्या आकारात छापायचे त्याच आकारात कागदावर काढून पाहावे. पाटी असेल, तर तो कागद भिंतीला लावून रस्त्याच्या पलीकडून वाचावा. ‘दुसऱ्या’ मुद्दाम सांगितला, कारण त्यातला अर्धा र मराठीत पावलोपावली लागतो, हिंदीला त्याची गरज पडत नाही, आणि काही सजावटी फॉन्टांत तो नसतोच. घाईत ही परीक्षा न करता मी एकदा एका बारशाच्या पत्रिका छापायला दिल्या होत्या. कार्यक्रम कार्यालयाच्या दुसऱ्या मजल्यावर होता, आणि नेमक्या त्या शब्दाच्या मधोमध रिकामी चौकट उमटली. अडीचशे पत्रिकांवरचा तो शब्द मी रात्री जेवणानंतर बसून काळ्या पेनाने दुरुस्त केला.