रॅम आहे, पत्ता नाही

[पडद्यावर: मागचं झाकण काढलेला जुना लॅपटॉप. रॅमच्या दोन स्लॉटवर कॅमेरा.]

हा 2007 च्या सुमाराचा लॅपटॉप. दोन स्लॉट, दोन्हींत दोन-दोन जीबीची रॅम. बेरीज चार. मशीन सुरू केलं की विंडोज दाखवतं साधारण सव्वातीन. रॅम खराब नाही, दुकानदारानंही फसवलेलं नाही. 64 बिटांचं विंडोज टाकून पाहा, आकडा जवळपास तोच. मग पाऊण जीबी गेली कुठे?

[पडद्यावर: टपालाचं पाकीट, पिनकोडचे सहा चौकोन.]

उत्तर पत्त्यात आहे. 15 ऑगस्ट 1972 ला आपल्याकडे पिनकोड आला. योजना टपाल खात्यातल्या श्रीराम भिकाजी वेलणकरांची, जे संस्कृतचे मोठे कवीही होते. पिनकोड सहा आकडी, म्हणजे जास्तीत जास्त 10 लाख क्रमांक. गावं कितीही वाढोत, पाकिटावर चौकोन सहाच.

प्रोसेसरचंही तसंच. रॅममधल्या प्रत्येक बाइटला पत्ता असतो, आणि तो सांगूनच प्रोसेसर बाइट मागतो. 1981 च्या आयबीएम पीसीत इंटेलचा 8088 होता. पत्ता सांगायला त्याच्याकडे 20 तारा. तारेवर एक तरी असतो, नाही तर शून्य. वीस वेळा दुप्पट करा: 10,48,576. इतके बाइट, म्हणजे 1 एमबी. त्यापुढचा बाइट त्याला मागताच येत नाही. या चिपला पायच होते 40, आणि काटकसर इतकी की आठ पायांवरून आधी पत्ता जायचा, मग त्याच पायांवरून डेटा.

[पडद्यावर: 1 एमबीचा उभा पट्टा. वरचा भाग वेगळ्या रंगात.]

आता नीट पाहा. या 1 एमबीतले वरचे 384 केबी पत्ते आयबीएमनं स्क्रीन, जोडकार्डं आणि बायॉससाठी, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या पक्क्या प्रोग्रॅमसाठी, राखून ठेवले. प्रोग्रॅमना उरले 640 केबी. त्यांना दोष द्यावासा मला वाटत नाही. सर्वांत साध्या मॉडेलमध्ये तेव्हा 16 केबी रॅम यायची. 640 म्हणजे तिच्या चाळीसपट.

पण स्प्रेडशीट फुगत गेल्या. 1985 मध्ये स्प्रेडशीट बनवणारी लोटस, इंटेल आणि मायक्रोसॉफ्टनं मिळून एक युक्ती ठरवली: राखीव पत्त्यांत 64 केबीची खिडकी ठेवायची आणि कार्डावरची जास्तीची रॅम त्या खिडकीत आळीपाळीनं आणायची.

त्याआधी, 1984 च्या आयबीएम एटी या मशीनमध्ये इंटेलचा नवा प्रोसेसर, 80286 आला होता. तारा 24, मर्यादा 16 एमबी. अडचण अशी, की काही जुने प्रोग्रॅम 1 एमबीतल्या शेवटच्या पत्त्यापुढे गेलं की पुन्हा शून्यावर येतो, हे गृहीत धरून लिहिलेले. ते बंद पडू नयेत म्हणून एकविसावी तार अडवून धरावी लागली. तिचं फाटक कुणाकडे दिलं? कीबोर्ड सांभाळणाऱ्या चिपकडे, कारण तिचा एक पाय रिकामा होता! या सगळ्या गोष्टीतला हा माझा सर्वांत आवडता तुकडा.

[पडद्यावर: पुन्हा लॅपटॉप. बोट चिपसेटवर.]

1985 च्या 80386 नं 32 बिटांचा, म्हणजे 32 एक-शून्यांचा पत्ता आणला. 4 जीबी! ही मर्यादा घरातल्या मशीनला जाणवायला वीसेक वर्षं लागली.

या लॅपटॉपचा प्रोसेसर 64 बिटांचा आहे. पण त्याच्या आणि रॅमच्या मध्ये बसलाय इंटेलचा 945 चिपसेट, म्हणजे दोघांना जोडणाऱ्या चिप, आणि त्याचे पत्ते 32 बिटांचेच. त्या 4 जीबी पत्त्यांत ग्राफिक्स, नेटवर्क आणि बायॉस आपापला वाटा घेतात, आणि घेतात पुन्हा वरूनच, 1981 सारखा. पुढच्या चिपसेटांनी अशा अडलेल्या रॅमला 4 जीबीच्या वरचे पत्ते दिले. 945 ला ते जमत नाही.

म्हणून उरलेली पाऊण जीबी इथेच आहे, या स्लॉटमध्ये. तिला वीज मिळते, ठरल्या वेळी ती रिफ्रेशही होत राहते, म्हणजे तिच्यातला डेटा पुन्हा ताजा केला जातो. फक्त तिच्यापर्यंत पोचणारा क्रमांक ग्राफिक्स कार्डाच्या नावे गेलाय.