परळपासून एल्फिन्स्टन रोडपर्यंत

मंडळी, शाळेतली शिस्त हा आजचा विषय जाहीर झाल्यापासून मला चार जणांनी एकच वाक्य ऐकवलं : 'बाई, छडी गेली आणि शिक्षण गेलं.' तुमच्यापैकी बरेच जण लालबाग-परळच्या शाळांत शिकलेत. तळहातावरचे वळ आठवत असतील. छडी खाऊन पुढे गेलेले आज इथे बसलेत. त्याच छडीला घाबरून चौथीत शाळा सोडलेले व्याख्यानाला येत नाहीत, त्यामुळे त्यांची साक्ष आपल्याला कधी मिळत नाही.

मीही मारलंय. ते आधी सांगते.

2013 साली माझ्याकडे सातवीचा वर्ग होता, दुपार अधिवेशनाचा. पट 52. शेवटून दुसऱ्या बाकावर एक मुलगा बसायचा. मराठीच्या तासाला प्रकट वाचन सुरू झालं आणि पाळी त्याच्या बाकाजवळ आली की याचं काहीतरी सुरू व्हायचं. पुढच्याची पाठ टोच, शेजाऱ्याची पट्टी मोड. मी त्याला वर्गाबाहेर उभं करायचे. वर्ग शांत व्हायचा, आणि त्या शांततेलाच मी शिस्त समजत होते. एकदा पट्टीने हातावर मारलंही. तो रडला नाही, निमूटपणे बाहेर जाऊन उभा राहिला. मला ते निर्ढावलेपण वाटलं.

मग जोराच्या पावसाचा एक दिवस आला. गाड्या रखडलेल्या, वर्गात जेमतेम पंधरा मुलं. मी त्याच्या बाकावर जाऊन बसले आणि धडा वाच म्हटलं. त्याने परिच्छेद घडाघडा म्हणून दाखवला, पण बोट भलत्याच ओळीवर होतं. इतरांचं ऐकून ऐकून त्याचा धडा पाठ झाला होता. मी पान उलटलं आणि तो गप्प झाला. 'प्रश्न' या शब्दाला त्याने 'परशन' म्हटलं. 'विद्यार्थी'पाशी मान खाली घातली. काना-मात्रा येत होत्या, जोडाक्षर आलं की वाट बंद. बाहेर उभं राहण्यात त्याची सुटका होती, आणि तीन महिने मी ती स्वतःच्या हाताने देत होते.

त्याचं मागच्या वर्षीचं प्रगतिपुस्तक काढलं. वर्णनात्मक नोंद होती : 'वाचनात आनंदाने सहभागी होतो.' अशा नोंदींची तयार पुस्तकं दुकानात मिळायची. पन्नास मुलांसाठी दहा वाक्यं आलटून पालटून उतरवली जायची.

शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. त्याचं कलम 16 म्हणत होतं, आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला मागच्या वर्गात ठेवायचं नाही. कलम 17 म्हणतं, शारीरिक शिक्षा नाही, मानसिक छळ नाही. कलमं शेजारी शेजारी, म्हणून शिक्षकांच्या खोलीत दोन्ही एका दमात बोलली जातात : मारायचं नाही, नापास करायचं नाही, मग आमच्या हातात राहिलं काय? हातात काय राहिलं ते कलम 24 मध्ये लिहिलंय. प्रत्येक मुलाला किती येतं ते पाहून, लागेल तसं जादा शिकवणं हे शिक्षकाचं कर्तव्य आहे. या कलमावर मी कुणाला तावातावाने बोलताना ऐकलं नाही.

अर्थात, वेळ कुठून आणायचा? कायदा सहावी ते आठवीला एका शिक्षकामागे 35 मुलं सांगतो. माझ्याकडे 52 होती आणि तास 35 मिनिटांचा. प्रत्येकाच्या वाट्याला मिनिटही नाही. शिवाय निवडणूक आणि जनगणनेची कामं कायद्यानेच आमच्यावर टाकलीत. मतदार यादी घेऊन चाळीचे जिने चढणाऱ्या बाईंचा वर्ग त्या वेळी कोण सांभाळतं, हे पालकांनी एकदा शाळेत जाऊन विचारावं.

ही एका मुलाची गोष्ट नाही. आपल्या मुंबईत 1995 मध्ये सुरू झालेली 'प्रथम' ही संस्था ग्रामीण भारतात घरोघरी जाऊन मुलांना वाचायला लावते. त्यांच्या 2024 च्या 'असर' अहवालात पाचवीतल्या 48.8 टक्के मुलांनाच दुसरीचा उतारा वाचता आला. शहराचा आकडा त्यात नाही, पण म्हणून शहराने निर्धास्त राहावं असं माझा वर्ग मला सांगत नाही.

2019 मध्ये कायदा बदलला, आणि 2023 मध्ये आपल्या राज्याने पाचवी-आठवीला वार्षिक परीक्षा परत आणली. नापास झाला तर फेरपरीक्षा, तीही नाही जमली तर त्याच वर्गात. परीक्षेला माझा विरोध नाही. पण जोडाक्षर दुसरीत अडलं, ते पाचवीच्या निकालात कळून काय उपयोग? तिसरीच्या बाईंना जूनमध्येच प्रत्येक मुलाला शेजारी बसवून एक पान वाचून घेता आलं पाहिजे. तेवढी सवड त्यांना मिळवून देणं हे मुख्याध्यापकांचं काम आहे, आणि ती मागणं पालकांचं.

त्या मुलाला मी मधल्या सुट्टीत दहा मिनिटं बसवू लागले. सातवीच्या मुलासमोर पहिलीचं पुस्तक ठेवलं तर त्याला लाज वाटेल, म्हणून आम्ही स्टेशनं घेतली. आधी परळ. काना नाही, मात्रा नाही. मग दादर, वडाळा, मालाड. दिवाळीनंतर चर्नी रोड, चर्चगेट, मुंबई सेंट्रल. 'र'चा रफार वर कधी जातो आणि पायाशी तिरका कधी येतो, यावर आठवडा गेला. या काळात त्याने वर्गात कुणाची पट्टी मोडली नाही. मी त्याला दटावलंही नव्हतं.

फेब्रुवारीत एका दुपारी तो शाळेच्या फाटकाशीच थांबला होता. तेव्हा प्रभादेवी स्टेशनचं नाव एल्फिन्स्टन रोड होतं. पुलावरून येताना त्याने पाटी वाचली होती. म्हणाला, 'बाई, त्यात ल आणि फ चिकटलेत, पुढे न, स, ट तिघं एकत्र.' मग बोटाने हवेत ती अक्षरं काढत त्याने ते नाव मला सावकाश, पूर्ण वाचून दाखवलं.